माळ्यावरच्या दोन फळ्या

दिवाळीची साफसफाई हे आमच्या घरात वार्षिक परीक्षेइतकेच अटळ प्रकरण आहे. फरक एवढाच, की शाळेत मी पर्यवेक्षक असतो आणि इथे परीक्षार्थी. दसऱ्याचे सोने वाटून झाले, की सौ. पदर खोचून उभी राहते, मला स्टुलावर चढवते आणि माळ्यावरची एकेक वस्तू खाली मागवते. तांब्याचा बंब, काच नसलेला कंदील, माझ्या पहिल्या कादंबरीच्या न खपलेल्या प्रतींचा गठ्ठा – साऱ्यांची हजेरी होते. गठ्ठ्याकडे बघून ती काही बोलत नाही. हा तिचा मोठेपणा. पण अगदी कोपऱ्यात जुन्या सतरंजीत गुंडाळलेल्या दोन सागवानी फळ्या आहेत. त्या खाली आल्या, की आम्ही दोघेही गप्प होतो.

"यायचं काय करायचं हो?" ती विचारते.

"राहू दे," मी म्हणतो.

गेली सात वर्षे हा संवाद असाच चालला आहे. ती फळ्या पुसते, मी पुन्हा वर ठेवतो. चांगले सागवान आहे, एखाद्या सुताराने आनंदाने नेले असते. पण त्या मला विकवत नाहीत, जाळवत नाहीत, आणि भिंतीवर टांगायचे तर मनातसुद्धा येत नाही. त्यांची हकीकत सांगायची म्हणजे माझी एक चूक सांगायची. ती मी शाळेतल्या सोबत्यांनाही आजवर सांगितलेली नाही. दिवाळी अंकात सांगून टाकतो. वाचणारे फराळ करीत असतील, तेवढेच त्यांचे मन उदार असेल.

मी अकोल्याला ड्रॉइंग मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. सासुरवाडी अमरावतीची. त्यामुळे मेळघाटात शिरायच्या दोन्ही वाटा मला घरच्यासारख्या: इकडून अकोटावरून, नरनाळ्याच्या पायथ्याने, तिकडून परतवाड्यावरून, घाटाने चिखलदऱ्याला. वऱ्हाडी माणसाला हिमालय ठाऊक असतो तो भूगोलाच्या पुस्तकात. प्रत्यक्षात त्याचा थंड डोंगर एकच, आणि तो चिखलदरा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की ज्याच्या त्याच्या तोंडी तेच नाव. या जागेचा शोध १८२३ साली हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने लावला, असे माहितीपत्रकांत छापलेले असते. शेजारचा गाविलगड वेल्स्लीने तोफा लावून घेतला तो १८०३ साली. उतारांवर कोरकूंच्या आणि गवळ्यांच्या चुली तर त्याच्याही कितीतरी आधीपासून पेटत होत्या. म्हणजे इतक्या साऱ्यांनी पाहिलेल्या पठाराचा शोध लागला! हे वाक्य मी वर्गात मुलांना कैक वेळा सांगितले असेल. त्यातली गंमत कळायला मला चाळिशी यावी लागली.

तर आठ वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्या डोंगरात जमीन घेतली. एक दिवस घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मास्तर, शहरातल्या लोकांना आता हॉटेल नको असतं. आदिवासी वातावरण पाहिजे असतं. तुम्ही चित्रं काढा, गवंडी मी आणतो."

मी चित्रे काढली. सहा झोपड्या, साऱ्या गोल. गोल का? तर लहानपणी पाहिलेल्या आफ्रिकेच्या चित्रांत झोपड्या गोल होत्या. कोरकूंचे घर लांबट चौकोनी असते, हे मी शाळेच्या सहलींत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते. पण चित्र काढायला बसले की माणूस डोळ्यांचे कमी ऐकतो आणि ऐकीव गोष्टींचे जास्त. भिंती सिमेंटच्या, वर तपकिरी रंगाने बांबूच्या गाठी काढलेल्या. छप्पर पत्र्याचे, पत्र्यावर गवत. दुपारी आत इतके तापे, की प्रत्येक झोपडीला कूलर बसवावा लागला. मधोमध पोहायचा हौद. त्याच तालुक्यात खडीमलसारख्या गावांतल्या बायांनी उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून दिवस काढलेले आहेत, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वाचले होते आणि हौदही काढला होता.

हौदाच्या काठी टॉवेल टांगायला काहीतरी 'तिथले' हवे होते. माझ्या वहीत एक जुने रेखाटन होते. एका गावाबाहेर झाडाखाली कोरीव लाकडी फळ्या ओळीने रोवलेल्या मी पाहिल्या होत्या: वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला स्वार. रेषा इतकी साधी आणि जिवंत, की मी तिथेच बसून उतरवून घेतली. हे काय आहे असे विचारायला तिथे कुणी नव्हते, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. खरे म्हणजे विचारावे असे मला वाटलेच नाही. त्या रेखाटनावरून परतवाड्याच्या सुताराकडून दोन फळ्या करवून घेतल्या, त्यांना चार चार खुंट्या ठोकवल्या आणि हौदाच्या दोन बाजूंना उभ्या केल्या. फोटो फार छान येत.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अंगणात मातीची चूल घालायला जवळच्या गावातून एक म्हातारे कोरकू बाबा आले होते. मातीचे घमेले डोक्यावर घेऊन ते हौदापाशी आले आणि थांबले. एका फळीवर कुणाचा तरी ओला टॉवेल लोंबत होता, नेमका स्वाराच्या तोंडावर. बाबांनी घमेले खाली ठेवले आणि उकिडवे बसून बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"मास्तर, हा कोनाचा?" त्यांनी विचारले.

"कोणाचा म्हणजे? सुताराकडून करवला."

"ते नाही इचारत जी. मेला कोन?"

मग त्यांनी सांगितले. ते ज्याला मुंडा म्हणत होते, तो कोरकूंच्या मेलेल्या माणसाची खूण असतो. माणूस गेला की त्याला पुरतात. पण तेवढ्याने काम संपत नाही. पुढे घरात पैसा जमला, कधी कधी कैक वर्षांनी, की सिडोलीचा विधी करायचा, सागाच्या लाकडाचा मुंडा कोरायचा आणि तो पूर्वजांच्या मुंड्यांच्या ओळीत नेऊन रोवायचा. तेव्हा कुठे गेलेला माणूस आपल्या माणसांत जाऊन बसतो. "बिनानावाचा मुंडा म्या कधी पाह्यला नाही," ते म्हणाले.

रागावले असते तर बरे झाले असते. ते रागावले नाहीत. त्यांनी तो ओला टॉवेल काढला, व्यवस्थित घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि चूल घालायला गेले. दिवसभर त्यांनी फळ्यांकडे पाठ करून काम केले.

मी मालकांना त्याच संध्याकाळी सांगितले. ते हसले. "मास्तर, गिऱ्हाईक काय विचारणार आहे, कोण मेलं म्हणून?" पुढे वर्षभर मी गप्प बसलो, हेही सांगितलेच पाहिजे. मग एका दिवाळीच्या सुटीत मी मिळालेले पैसे परत नेऊन दिले (सौ.च्या पाटल्यांचा बेत त्यातच गेला) आणि त्या दोन फळ्या मागून घेतल्या. त्यांच्या जागी आता सिमेंटचे दोन वाघ आहेत. वाघांची कुणाला अडचण नाही.

फळ्या घेऊन मी बाबांच्या गावी गेलो. म्हटले, तुमच्या त्या झाडाखाली ठेवून घ्या. ते नाही म्हणाले. "आमच्यात नाही ठेवता येत. याचं इथं कोनी नाही. तुमी बनवले, तुमीच सांभाळा."

म्हणून त्या माळ्यावर आहेत.

मेळघाट म्हटले, की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात: वाघ आणि कुपोषण. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाट आला १९७४ च्या सुमारास. बालमृत्यूंच्या बातम्यांनी तो साऱ्या देशाला ठाऊक झाला १९९३ पासून. पहिल्या गोष्टीसाठी लोक कॅमेरा घेऊन येतात आणि दुसरीचाही फोटो काढून नेतात. २००० नंतर रानातली कितीतरी गावे उठली आणि अकोट तालुक्याच्या सपाटीवर येऊन वसली. वाघासाठी माणसे बाहेर आली, आणि वाघ पाहायला माणसे आत जातात. या वाक्यावर मी एक कादंबरी लिहायला घेतली होती, पण ती तिसऱ्या प्रकरणात अडली.

अडली त्याचे कारण एक माजी विद्यार्थी. आमच्या शाळेत वसतिगृहात राहून शिकलेला हा कोरकू मुलगा चार वर्षांपूर्वी घरी आला आणि म्हणाला, "सर, सेमाडोह-कोलकासला जाणाऱ्या गाड्या आमच्या गावातून धूळ उडवत जातात. गावाला वाटतं, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधाव्या. तुम्ही चित्र काढून द्या."

मी हात जोडले. माळ्यावरच्या फळ्या खाली काढून त्याला दाखवल्या आणि सारे सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग तर तुम्हीच या. या वेळी कोरा कागद घेऊन या."

गेलो. पाच दिवस राहिलो आणि पहिले तीन दिवस कागदावर रेघ मारली नाही. त्या तीन दिवसांत जे पाहिले ते चांगल्या चांगल्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकात मिळायचे नाही. कोरकूंचे गाव म्हणजे घरांच्या दोन समोरासमोरच्या ओळी आणि मध्ये रुंद, झाडून लख्ख केलेला रस्ता. प्रत्येक घराचे तोंड दुसऱ्या घराच्या तोंडाकडे. घराच्या भिंती कुडाच्या: लाकडी मेढी, त्यांमध्ये बांबूच्या कामट्यांचे विणकाम, त्यावर माती, शेण आणि भुसा कालवून दोन्ही बाजूंनी लिंपण. वर कवेलू. छप्पर पुढे इतके खाली उतरते, की आत जाताना वाकावेच लागते. मी पहिल्या दिवशी दोनदा कपाळ आपटून घेतले. तिसऱ्यांदा मान आपोआप खाली गेली. त्या उतरत्या छपराने तिरपा पाऊस भिंतीला लागत नाही आणि वैशाखाचे ऊन आत येत नाही. दुपारी बाहेर रस्ता भाजत असताना आत माठाजवळ बसल्यासारखे वाटते. माझ्या सहा गोल झोपड्यांचे सहा कूलर मला तेव्हा फार आठवले.

भाषाही थोडी कानावर पडली. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हिंदीचीही नव्हे. तिचे नाते दूर पूर्वेकडच्या संथाळी आणि मुंडारीशी. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हे अनेकवचन, तेव्हा कोरकू म्हणजे नुसती माणसे. घराला 'उरा' म्हणतात. सिपना नदीचे नाव आपण इतके वेळा घेतो. कोरकूत सिपना म्हणजे साग.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पटेलांच्या छपरीत बैठक बसली. गावच्या मुखियाला तिथे पटेल म्हणतात. खोल्या कुठे बांधायच्या? मी म्हटले, नदीच्या वळणावर, दृश्य सुंदर आहे. एक म्हातारी हसली आणि काहीतरी बोलली. साऱ्या बाया हसल्या. माझ्या विद्यार्थ्याने लाजत सांगितले, ती बायांची आंघोळीची जागा आहे. मग मी गावाच्या तोंडाशी असलेली मोकळी जागा दाखवली. तिथे मुठवा देव आहे, गावाचा राखणदार. मला तो दगडांचा ढीग दिसला होता, देव दिसला नव्हता. शेवटी एक बाई म्हणाली, पाहुणा आहे ना, मग पाहुण्यासारखा ओळीत राहू द्या. डाव्या ओळीच्या शेवटी, दुसऱ्या घरांच्या रेषेत, दार रस्त्याकडे. पाहुण्याने दार उघडले की समोरचे घर त्याला दिसेल आणि समोरच्या घराला तो दिसेल.

मी आजवर कोणत्याही बांधकामाबद्दल याहून शहाणे वाक्य ऐकलेले नाही. माझ्या गोल झोपड्यांत पाहुणा पडद्याआडून गाव बघत असे. इथे बघणे दोन्ही बाजूंनी होणार होते.

न्यूझीलंडातल्या माओरी लोकांचे सभागृह पूर्वजाचे शरीर मानले जाते, हे मी पूर्वी एका पुस्तकात वाचले होते: आढे म्हणजे पाठीचा कणा, वासे म्हणजे बरगड्या. पाहुण्याने फाटकाशी थांबायचे. आतून बायांनी हाक घातली की मग पुढे व्हायचे आणि पादत्राणे काढून आत जायचे. रोटोरुआ गावाजवळच्या माओरी घराण्यांनी शंभराहून अधिक वर्षे प्रवाशांना आपले गाव दाखवले आहे, आणि तिथे अजून त्यांचेच राहणे आहे. आपल्याकडे लडाखात, हिमबिबट्याच्या मुलखात, पाहुणे घरोघर पाळीने ठेवतात, म्हणजे पैसा एकाच्याच हंड्यात साचत नाही. हे मी बैठकीत सांगितले. माओरींची गोष्ट पटेलांना आवडली. पाळीची गोष्ट बायांना आवडली आणि लगेच ठरून गेली. स्वयंपाक ज्या घराची पाळी त्या घरी. जे घरात शिजेल तेच पानात. एका माणसाला दोन बादल्या पाणी. नाच करून दाखवायचा नाही. होळीला कुणी आले आणि बोलावले तर नाचात यावे. चुलीचा आणि मुलांचा फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि मुंड्यांच्या झाडाकडे पाहुण्याला न्यायचेच नाही. हे शेवटचे कुणी बोलले तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो.

बांधायला आठ महिने लागले. बांबूचेच घ्या. चहूकडे बांबूचे रान, पण व्याघ्रप्रकल्पातली काडी तोडायची नाही; आणि शेतात लावलेला बांबूसुद्धा कायद्याने झाडच होता, तो मोकळा झाला २०१७ साली. गावातल्या एका तरुणाच्या बांधावर मानवेल होता. हा तरुण धारणी तालुक्यात लवाद्याला जाऊन आलेला. तिथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले आणि बांबूच्या कामाला त्या भागात मान मिळवून दिला. सुनीलजी २०२१ साली गेले. त्या तरुणाने बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवला. त्यातला गोडवा निघून गेला, की कीड लागत नाही. कवेलूंचे मात्र भांडण झाले. हाताने कवेलू करणारे आता थोडे उरले, आणि जे कवेलू आहेत त्यांवर वानरे उड्या मारतात. लोक पत्र्याकडे वळले त्याला हौस हे कारण थोडे आणि वानर हे जास्त! शेवटी कवेलू घातले, खाली बांबूचा तट्टा ठोकला, आणि वानरांचे काम वानरांवर सोडले. संडास-न्हाणी मागच्या बाजूला, सिमेंटची. त्यावर कुणी वाद घातला नाही.

वाद घातला तो एका सुनेने. नुकतीच बारावी झालेली, तिच्या घरी घरकुल योजनेचे पक्के घर मंजूर झालेले. मी कुडाच्या भिंतीचे कौतुक करीत होतो. ती लिंपता लिंपता म्हणाली, "मास्तर, तुमाले माती चांगली वाटते. तुमाले काही दर साली लिपा लागत नाही."

मला उत्तर सुचले नाही. तिचे म्हणणे खरे होते, आणि अजूनही आहे. तिने पक्के घर बांधले. पुढची छपरी मात्र तशीच उतरती ठेवली आहे आणि घर ओळीच्या रेषेतच आहे. त्या सिमेंटच्या भिंतींचे मला वाईट वाटते असे मी एकदा सौ.ला म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या घराच्या कोनत्या भिंती मातीच्या आहेत?"

खोल्या आता तीन वर्षे चालल्या आहेत. फार पैसा येतो असे नाही. काही पाहुणे टीव्ही नाही म्हणून कुरकुरतात. एक गृहस्थ तर दोन बादल्यांचा नियम ऐकून तिथूनच परत फिरले. पण एक नागपूरचे म्हातारे जोडपे दोन दिवसांसाठी आले आणि सहा दिवस राहिले; आजींनी समोरच्या घरच्या बाईला लोकरीची टोपी विणायला शिकवली. माझ्या विद्यार्थ्याने मला बजावले आहे, की गावाचे नाव कुठे छापायचे नाही. "सर, दोनच खोल्या आहेत." म्हणून मी ते लिहिलेले नाही.

त्या सुनेच्या बोलण्यापासून मी एक करतो. पावसाने भिंतींची माती धुपते, म्हणून दसऱ्यानंतर लिंपण नव्याने करावे लागते. त्यासाठी मी दर वर्षी जातो. पहिल्या वर्षी माझे लिंपण दुसऱ्या दिवशी पोपडे धरून पडले आणि सारी ओळ ते पाहायला आली. आता कोपरे सोडून बाकीचे मला देतात.

परवा त्याचा फोन आला. माती भिजत घातली आहे, या म्हणाला. मी विचारले, खोली रिकामी आहे ना? तो हसला. दिवाळीत आणि पुढच्या घुंगरू बाजाराच्या दिवसांत, थाट्यांचे पावे वाजायला लागले, की गावच्या लेकी-जावई येतात आणि घरे भरून जातात. तेव्हा त्या दोन खोल्या बाहेरच्यांना देत नाहीत. "तुम्हाला पटेलांच्या छपरीत खाट टाकतो."

सौ.ने पिशवीत जुने धोतर आणि चिवड्याचा डबा भरला आहे. फळ्या पुसून झाल्या आहेत. स्टूल अजून जागेवरच आहे.